प्रसंग बघून बोलायचं

नसरापूरच्या गोरखला कुणी विचारलं असतं, की तुझ्या घरात बोलण्याची अक्कल कुणाला आहे, तर उत्तर द्यायला त्यानं आधी माईक मागितला असता. आसपासच्या गावांतल्या लग्नांचं निवेदन तोच करायचा. त्यामुळे सासूबाईंच्या दहाव्याआधी लेकीला बोलायला शिकवायचं, हा निर्णय त्यानं चहाचा कप खाली ठेवायच्या आतच घेतला.

कारण तसं गंभीर होतं. सासूबाई, म्हणजे भाटघरच्या ठकुबाई, गेल्या त्या दिवशी दहावीतली शेफाली रडणाऱ्या मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली होती, "मामा, टेन्शन नको घेऊ. होतं असं." आणि भेटायला आलेल्या सरपंचांना म्हणाली, "बस ना भावा!" कोंडिबामामांनी बहिणीला, म्हणजे गोरखच्या बायकोला, तिथंच बजावलं, "मंगल, दहाव्याला पोरगी नीट बोलनार आसंल तर आन. न्हाई तर तू बी येऊ नगं."

आई गेलेली. आता माहेर म्हणजे हा एकच भाऊ. मंगलला घास जाईना.

"आगं, म्या हाय ना!" गोरख म्हणाला. (हे वाक्य ऐकलं की मंगल देवापुढं दिवा लावायची.)

शिकवणी सुरू झाली. "मानूस बघून, परसंग बघून बोलायचं. आवाज बदलायचा, शबुद बदलायचं. समज, म्या तहसीलदार."

"नमस्कार, साहेब."

"शाब्बास! समज, म्या नवरदेवाचा बाप."

"अभिनंदन, काका. जेवण भारी होतं."

"भारी न्हाई, सुग्रास! आता समज, म्या तुजी मामी. रडतीया."

शेफालीनं बापाच्या मिशांकडं पाहिलं आणि शिकवणी दहा मिनिटं बंद पडली.

दहाव्याला भाटघर धरणाच्या काठी पिंड ठेवला आणि माणसं मांडवात कावळ्याची वाट बघत बसली. शेफाली मामीजवळ खाली मान घालून बसली होती. विचारलं तेवढंच बोलत होती. मंगलचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात श्रद्धांजलीचं निवेदन करणारे गुरुजी येणार नाहीत असा निरोप आला, आणि कुणीतरी माईक गोरखच्या हातात दिला.

सुरुवात अगदी सुतकी आवाजात झाली. पण मांडव ओळखीचा, खुर्च्या ओळखीच्या, पुढच्या रांगेतले पुढारीही रोजचेच. तोंडाला सवयीची वाट सापडली. "उपस्थित सर्व मान्यवरांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया!"

माणसांनाही सवय होतीच. टाळ्या वाजल्या. नेमका त्याच वेळी पिंडाजवळ उतरलेला कावळा दचकून उडाला आणि पार बाभळीच्या शेंड्यावर जाऊन बसला. गोरखचं तिकडं लक्ष कुठलं! "असेच आनंदाचे सोहळे कोंडिबांच्या दारी वरचेवर घडोत!"

कोंडिबांनी माईक काढून घेतला नाही. वायरच उपटली.

मग तासभर कावळा खाली येईना. म्हातारीची काय इच्छा राहिली, कुणाला कळेना. कोंडिबा हात जोडून म्हणाले, "आये, तुजी गाय इकनार न्हाई." कावळा ढिम्म. मंगल रडत म्हणाली, "आये, दादाला अंतर देनार न्हाई." कावळ्यानं पंख साफ केले. कोंडिबांचा चेहरा पडला. आई अशी अडून राहिली तर जन्मभर मनाला लागणार होतं.

शेफाली उठली. आईनं धरलेला हात तिनं सोडवला आणि पिंडासमोर उकिडवी बसली.

"आजी, मी शेफाली. त्या दिवशी मला लई रडू येत होतं. काय बोलायचं ते कळंना, म्हणून कायबाय बोलले. मामाला वाईट वाटलं. मला पण वाटलं." तिनं नाक पुसलं. "आता ये ना. आणि पप्पांचं मनावर घेऊ नको. त्यांच्या हातात परत कधी माईक देणार न्हाई, शप्पथ."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

कोंडिबांनी भाचीला पोटाशी धरलं. दोघंही हुंदके देऊन रडले. मंगलनं पदरानं डोळे टिपले. गोरखच्या खिशातल्या डायरीत पुढच्या महिन्यातली अकरा लग्नं लिहिलेली होती. त्यानं आशेनं मेहुण्याकडं पाहिलं.

कोंडिबांनी आभाळाकडं बघून हात जोडले. "येवढ्याचसाठी आडली हुतीस व्हय, आये? आगं, जित्तेपनी सांगितलं आस्तंस, तर ह्येचा माईक तवाच बंद केला आस्ता!"