नियमरावांनी पाडलेला उजेड

बल्ब बदलायचे, एवढंच खरं तर ठरलं होतं. जुने काढायचे, नवे बसवायचे, हात धुवायचे आणि चहा मागायचा. पण नियमरावांनी हातात घेतलेलं काम एवढ्यावर थांबलंय, असं अजून कुणी पाहिलेलं नाही.

नियमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते हेडक्लार्क. अर्जाच्या समासात एखादा काना घुसला तरी ते अर्ज परत करत, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव ठेवलं आणि ते कधीतरी ऑफिसातून घरी पोचलं. रस्त्यावर तर त्यांच्या नियमांना ऊत यायचा. समोरून कुणी भगभगीत दिवे लावून आलं की यांचं डोकं सणकलंच. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांनी स्वतः छापून घेतलेला स्टिकर होता : ‘दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार करा.’ (समोरून येणाऱ्याला हा मागचा स्टिकर दिसणार कसा, असं बायकोने एकदा विचारलं होतं. उत्तर अजून यायचंय.)

तर अशा माणसाने एका संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून आत शिरताना सिमेंटच्या बाकाला धडक दिली. बाकावर सेक्रेटरी बसले होते. ते वेळेवर उठले म्हणून बाकावरच निभावलं.

“दिसलाच नाही,” नियमराव म्हणाले.

“बाक?” बायकोने विचारलं.

“दोघंही. दिवे मंद झालेत गं गाडीचे.”

बायकोने हात पुढे केला. किल्ली तिच्या हातात गेली आणि त्या दिवसापासून घराचा नवा नियम झाला : दिवेलागण झाली की गाडी ती चालवणार. ती उत्तम चालवते. तिच्या वडिलांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं, त्यामुळे ती बोलायला आणि गिअर टाकायला साधारण एकदमच शिकली. नियमरावांना मात्र शेजारच्या सीटवर बसून सोसायटीतल्या सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागत. सेक्रेटरी तर हल्ली त्यांना बघून मुद्दाम बाकावर पाय पसरून बसायचे.

गेलेली किल्ली परत मिळवायची, तर दिवे सुधारायला हवेत. पण सुधारायचे तेही नियमाने. दुकानदाराने पांढरेशुभ्र, डोळे दिपवणारे बल्ब पुढे केले. “हे घ्या साहेब, रात्रीचा दिवस होईल.”

“आणि समोरच्याचं काय होईल?” नियमरावांनी ताडकन विचारलं. “आमच्या गाडीचा दिवा जुन्या पद्धतीचा आहे. त्यात हे बसवले की उजेड वाट्टेल तिकडे उधळतो. मला तेवढ्याच वॅटचे, पण जरा चांगल्या जातीचे द्या.” दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना ऐकू जावं म्हणून त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

नुसते बल्ब बसवून ते थांबले नाहीत. पार्किंगच्या भिंतीसमोर सपाट जागेवर गाडी उभी केली, डिकी रिकामी केली, पाय पुसायचं फडकंसुद्धा बाहेर काढलं (वजन म्हणजे वजन), दिव्यांच्या उंचीची चिकटपट्टी भिंतीवर लावली आणि स्क्रू फिरवत फिरवत उजेडाची वरची कड पट्टीच्या किंचित खाली आणून ठेवली. दोन्ही दिव्यांची कड एका रेषेत आली तेव्हा त्यांना भरून आलं. ती रेषा बघायला त्यांनी बायकोला जिन्यावरून हाक मारून बोलावलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “भिंतीवर.”

“रस्त्यावरही दाखवतो. रविवारी तुझ्या भावाकडे जायचंय ना? मी चालवणार.”

तिने थोडा विचार केला. “बरं. नीट नेलंत आणि नीट आणलंत, तर संध्याकाळची किल्ली परत देईन. बाबांच्या देखत देईन, चालेल?”

चालेल म्हणजे काय! सासऱ्यांनी नियमरावांना स्वतः गाडी शिकवली होती, आणि ‘हा एवढा एक विद्यार्थी वगळता’ असं म्हणून ते आपल्या स्कूलचा अभिमान सांगत. त्यांच्या देखत किल्ली मिळायची, म्हणजे सर्टिफिकेटच.

मेहुण्याने शहराबाहेर नवं घर बांधलं होतं आणि सासरे त्याच्याकडेच राहायला गेले होते. त्याच्या न्हाणीघराच्या फरशा कमी पडल्या. दुकान यांच्या घराजवळ, तेव्हा फरशांचे खोके आणायचं काम यांच्याकडे आलं. खोके सांगितल्यापेक्षा एक जास्तच घ्यावा, असा नियमरावांचा नियम. डिकी गच्च भरली, उरलेले खोके मागच्या सीटवर रचले आणि ते घसरू नयेत म्हणून बायकोही मागेच बसली. गाडीने ‘हुं’ केलं आणि मागून खाली बसली. नियमरावांना वाटलं, टायरमध्ये हवा जरा कमी असेल.

अंधार पडता पडता ते शहराबाहेर पडले. त्यांनी दिवे लावले आणि त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. काय दिसत होतं म्हणता! झाडाचा शेंडा न् शेंडा दिसत होता. एका फांदीवर कावळ्याचं घरटं दिसलं. रस्त्याकडेच्या एका घरात पहिल्या मजल्यावर गॅलरीत बसलेला माणूस दिसला. त्याने हातातलं वर्तमानपत्र एकदम तोंडासमोर धरलं.

“एवढ्या अंधारातही वाचतायत बघ,” नियमराव कौतुकाने म्हणाले.

पुढचा रस्ता तसा काळोखातच होता. पण बाकी इतकं दिसत असताना रस्त्याचा हट्ट कशाला?

मग समोरून येणारे गाडीवाले दिवे मारायला लागले. एकाने मारले, दुसऱ्याने मारले, एका ट्रकवाल्याने हॉर्नसकट मारले.

“अहो, हे सगळे का दिवे मारतायत?” खोक्यांच्या आडून बायकोने विचारलं.

“अगं, संस्कार नाहीत. दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचारच करायचा नाही,” असं म्हणून नियमरावांनी आपणही दोनदा मारले. अद्दल घडली पाहिजे ना.

मेहुण्याच्या घराकडे वळायच्या कोपऱ्यावर समोरून एक स्कूटर आली. हेल्मेटवाल्याने आधी डोळ्यांवर हात धरला, मग मान फिरवली, मग स्कूटर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे गेली आणि बांधकामासाठी कालवून ठेवलेल्या मालाच्या घमेल्यांत जाऊन बसली. चप्प असा आवाज झाला.

डोळ्यांवर धरलेला तो हात नियमरावांना अगदी ओळखीचा वाटला. ते स्वतःही तो अस्साच धरत. आणि मग घरटं, गॅलरी, वर्तमानपत्र, ट्रक, सगळं एकामागोमाग त्यांच्या डोक्यात येऊन आदळलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“काय झालं हो?” बायकोने विचारलं. तिला खोक्यांपुढे काही दिसत नव्हतं.

“काही नाही. एकाचा तोल गेला.” त्यांनी आरशात बघितलं. माणूस उठून उभा राहिला होता आणि दोन्ही हात हलवून काहीतरी म्हणत होता. “उठला तो. ठीक आहे. धडधाकट आहे.”

थांबायला हवं होतं. हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण थांबलं की बायको उतरणार, बायको उतरली की दिवे बघणार, आणि किल्ली गेलीच म्हणून समजा. म्हणून जन्मभर सगळ्यांना नियम शिकवणारा हा माणूस हळूच मोठे दिवे बंद करून, नुसत्या पार्किंगच्या दिव्यांवर उरलेला रस्ता चोरासारखा गेला.

घरी सासरे दारातच होते. “या जावईबापू. चिरंजीव दूध आणायला गेलाय. येईलच इतक्यात.”

“कशावर गेलाय?” नियमरावांनी विचारलं. आवाज जरा चिरकला.

“स्कूटरवर. का हो?”

ते तडक डिकीकडे वळले. फरशांचे खोके एकामागून एक, कुणालाही हात न लावू देता, आत वाहायला लागले. सगळे खोके आत गेले तेव्हा मेहुणा आला. छातीपासून खाली तो सिमेंटचा होता. हातात दुधाची फुटकी पिशवी होती.

“अरे, हे काय?” बायको ओरडली.

“ताई, एक गाढव भेटलं कोपऱ्यावर! दिवे म्हणजे काय, सर्चलाइट! मला काही दिसेचना. सरळ मालात गेलो. आणि थांबला का? छे! साधी विचारपूस नाही!”

“लागलं का रे?” नियमरावांनी विचारलं. हे मात्र त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

“लागलं नाही हो भाऊजी, पण दूध गेलं. तुम्हाला भेटला असेल की तो. तुमच्या पुढे-मागेच असणार.”

“असेल,” नियमराव म्हणाले. मग गप्प राहणं बरं दिसेना म्हणून म्हणाले, “असल्या लोकांचं लायसन्सच काढून घेतलं पाहिजे.”

“लायसन्स कसलं, चार फटके द्यायला हवेत,” सासरे म्हणाले.

“दिलेच पाहिजेत,” नियमराव म्हणाले आणि खुर्चीत आणखी खाली सरकले.

सगळ्यांना कोरा चहा मिळाला. नियमरावांना कोरा चहा अजिबात चालत नाही. त्यांनी तो मुकाट्याने पूर्ण प्यायला आणि आणखी हवाय का विचारल्यावर हो म्हणाले. मेहुणा अंघोळ करून आला. वर म्हणाला, “भाऊजींच्या गाडीवरचा स्टिकर बघा बाबा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लावावा असा आहे. असे विचार करणारे लोक आहेत म्हणून जग चाललंय.” त्या स्तुतीने नियमरावांना घाम फुटला. यापेक्षा ते फटके बरे होते.

आता एकच प्रश्न होता. निघायचं कसं? निघायचं म्हणजे दिवे लावायचे, आणि या घरची पद्धत अशी की पाहुणा निघाला की सगळे फाटकात येऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवणार. नियमरावांनी वेळ काढायला सुरुवात केली. फरशा मोजून दिल्या. न्हाणीघर बघितलं. न्हाणीघर पुन्हा बघितलं. फरशा आत्ताच बसवून टाकू का, असंही विचारलं. शेवटी बायकोने पर्स उचलली तेव्हा इलाज उरला नाही.

“तुम्ही आत व्हा,” ते गाडीत बसून म्हणाले. “गार वारा आहे.”

“पानसुद्धा हलत नाहीये,” सासरे म्हणाले.

गाडी सुरू झाली. फाटकात सासरे आणि मेहुणा, बरोबर गाडीच्या तोंडासमोर उभे. शेजारच्या सीटवर बायको.

“भाऊजी, दिवे लावा ना.”

“चांदणं आहे की.”

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ काळंकुट्ट होतं.

नियमरावांचा हात दिव्याच्या खटक्यावर होता आणि समोर मेहुण्याचे डोळे होते. सिमेंटचा हात लागून ते अजून लालच होते. त्यांना आपली इतकी लाज वाटली, इतकी वाटली, की त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि मान खाली घालून म्हणाले, “ते गाढव मी होतो.”

मेहुण्याचा निरोपासाठी वर केलेला हात तसाच राहिला.

“दिवे माझे होते. तुला पडताना मी बघितलं. तो तू आहेस हे ठाऊक नव्हतं, पण कुणीही असता तरी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. हिला कळेल म्हणून थांबलो नाही.” आणि सासऱ्यांकडे वळून ते म्हणाले, “फटके द्या.”

बायकोने गाडीतून त्यांच्याकडे बघितलं. मग तिने हात लांबवून खटका दाबला.

दिवे लागले. स्वच्छ, सोज्वळ उजेड जमिनीवर अंथरल्यासारखा पडला. सासऱ्यांच्या आणि मेहुण्याच्या गुडघ्यांच्या वर त्याची कड जाईना. दोन्ही दिव्यांची रेषा एकसारखी, भिंतीवर आली होती तशीच.

“छे हो भाऊजी!” मेहुणा म्हणाला. “हे कुठले? तो निराळाच कुणीतरी होता. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.”

नियमराव आ वासून उजेडाकडे बघत राहिले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर आशा उगवली. पण सासरे ट्रेनिंग स्कूलवाले. ते गाडीच्या मागे गेले, डिकी उघडून बघितली आणि तिथूनच ओरडले, “येताना फरशा कुठे होत्या?”

“डिकीत. आणि मागच्या सीटवर.”

“आणि दिवे लावून घेतलेत तेव्हा?”

“तेव्हा... गाडी रिकामी होती.”

“मग झालं! मागे एवढं ओझं घातलं की गाडीचं तोंड वर होणारच. हे मी पहिल्याच आठवड्यात शिकवतो. तुम्ही त्या दिवशी ऑफिसचं काम सांगून दांडी मारली होती.” सासऱ्यांना दांड्या बऱ्या लक्षात राहतात.

म्हणजे आता गाडी रिकामी होती. म्हणजे गप्प बसून खटका दाबला असता तर कुणाला जन्मात कळलं नसतं, आणि किल्ली सासऱ्यांच्या देखत त्यांच्या हातात पडली असती. हे नियमरावांच्या ध्यानात आलं तेव्हा बायको चालवायच्या सीटवर सरकून बसली होती.

मेहुण्याला मात्र हसू फुटलं. “जाऊ द्या हो भाऊजी. कबूल केलंत, हेच पुष्कळ झालं. उद्या येऊन फरशा बसवायला मदत करा, म्हणजे फिटली.” त्याने खरोखरच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताने नियमराव आणखीच ओशाळले.

“अरे हो, फरशांचा एक खोका जास्त झालाय,” सासरे म्हणाले. “दुकानदार परत घेईल. ठेवा डिकीत.”

“डिकीत नको!” बायको म्हणाली.

“मग मागच्या सीटवर?”

“मागे काहीच नको, बाबा. लोकांचे डोळे आहेत.”

परतीच्या वाटेवर समोरून कितीतरी गाड्या आल्या. एकानेही दिवा मारला नाही. बायको मजेत गुणगुणत चालवत होती. रस्ता लख्ख दिसत होता, खड्डा न् खड्डा दिसत होता.

“खरं सांगू का,” ती म्हणाली, “दिवे अगदी छान बसवलेत हं तुम्ही. आता अंधारात चालवायला मला काही म्हणता काही त्रास नाही.”

नियमरावांना मान डोलवायची होती. पण मांडीवर फरशांचा खोका होता आणि त्याची कड बरोबर हनुवटीखाली आली होती.