नेपच्यूनपलीकडची बारशी

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत "पंप बिघडला" असं कुणी म्हणत नाही. "यमुना बसली" म्हणतात. डाव्या लिफ्टचं नाव सुशीला, उजवीचं विमल. ही सगळी बारशी माझ्या शेजारणीने, कुंदाआत्याने केली. ती रबाळ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. दिवसभर नंबरांचे खोके बघून तिला नंबरांचा वीट आलाय. "बिनबारशाचं ठेवायचं का गं?" म्हणते आणि नाव ठेवून मोकळी होते. नावं ठेवणारे सोसायटीत पुष्कळ आहेत, नाव ठेवणारी ही एकटीच.

एकदा तिने मोबाइलवर वाचलं, की नेपच्यूनच्या पलीकडे बर्फाचे हजारो गोळे सूर्याभोवती फिरतायत आणि बहुतेकांना नुसते नंबर आहेत. झालं! चहा तसाच राहिला.

"एवढ्या लांब, एवढ्या थंडीत, आणि साधं नाव नाय? काय लोक आहेत!"

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी ती खिडकीशी जाते आणि एका गोळ्याचं बारसं करते. वत्सला झाली, मुकुंद झाला, बेबीसुद्धा झाली. मला घुगऱ्या मिळतात, म्हणून मी जाते.

"आत्या, दिसत तर काहीच नाही. तुर्भ्याचे ट्रक तेवढे दिसतायत."

"पाळण्यातलं पोर तरी कुठे दिसतं? दुपट्यात गुंडाळलेलं असतं."

तिचा एकुलता एक भाऊ कॅनडात असतो. गेल्या वर्षी त्याला मुलगी झाली. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि त्याबद्दल बायकांचे धपाटे पाठीत खायचेही आत्यानेच. कुंदाआत्याने 'मंजिरी' हे नाव ठरवलं होतं, काठपदराची साडी काढून ठेवली होती, पासपोर्टसुद्धा काढला होता. पण तिकडे नाव नोंदवायला बारशापर्यंत थांबत नाहीत म्हणे. फोन आला तो नाव ठेवून झाल्याचाच.

"छान आहे हो," ती भावाला म्हणाली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मला ते नीट म्हणता पण येत नाय गं."

परवाच्या रविवारी गेले, तर आत्या ती काठपदराची साडी नेसून उभी.

"आज काय विशेष?"

"आज सगळ्यात लांबचा घेतलाय."

ती खिडकीच्या ग्रिलशी वाकली. तोंडाशी हात धरून हळूच म्हणाली, "कुर्रर्र... मंजिरी."

आणि तशीच वाकून राहिली. मला वाटलं, कंबर धरली असेल. मग लक्षात आलं, ती वाट बघत होती. मी घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि तिच्या पाठीत एक हलकासा धपाटा घातला.

"जोरात घाल गं," वर न बघता आत्या म्हणाली.