सातावरून दोनावर

सत्कार सहाला होता आणि पाच वाजता मास्तर पांढरा शर्ट घालून स्वयंपाकघरात नातीला शिकवायला पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे पाणी ढवळत होते. चाळीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्याबद्दल आज त्यांचा गौरव, आणि सख्ख्या नातीला ऑक्सिडीकरण अंकांच्या चाचणीत शून्य. ते शून्य बरोबर घेऊन व्यासपीठावर चढणे त्यांच्या जिवावर आले होते.

"यातल्या मँगनीजचा अंक काढायचा. पोटॅशियमचा अधिक एक, ऑक्सिजन चार, प्रत्येकी उणे दोन. सगळ्यांची बेरीज शून्य. हं, बोल."

"आजोबा, आधी शर्ट बदला ना."

"विषय बदलू नकोस."

असे म्हणून त्यांनी चमचा उगारला आणि छातीवर जांभळा डाग पडला. मास्तरांनी शर्ट काढून घाईघाईने साबण चोळला. डाग तपकिरी झाला आणि वाटीएवढा पसरला.

"अहो, दुसरा पांढरा शर्ट नाहीये," आजी दारातून म्हणाली. "चाळीस वर्षं शिकवलंत, आता एक डाग काढून दाखवा."

मास्तरांनी पुन्हा साबण उचलला. आयुष्यभर त्यांनी डाग फक्त फळ्यावर सोडवले होते.

नात मात्र बोटे मोजत होती. "ऑक्सिजनचे उणे आठ, पोटॅशियमचा एक. म्हणजे जांभळा होता तेव्हा मँगनीज सात. तपकिरी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, तिथे चार. आजोबा, तीन पायऱ्या तर तो आपला आपणच उतरलाय. दोनावर आणला की रंग जाईल ना?"

"जाईल," मास्तर हळूच म्हणाले. "पण कशाने?"

"जखमेवर लावायचं पेरॉक्साइड आणि लिंबू. कालच नाही का सांगितलंत?"

फेस आला आणि डाग बघता बघता विरला. मास्तरांनी शर्ट उजेडात धरला. तेवढ्यात आजी चष्मा लावून वाकली.

"अगं बाई, हा गोल एवढा पांढरा कसा? म्हणजे बाकीचा शर्ट पिवळा आहे तर."

"सगळ्यालाच लावू का?" नातीने विचारले. पण बाटली रिकामी होती आणि घड्याळात पावणेसहा.

इस्त्री फिरवून मास्तर तसेच गेले. भाषणात त्यांचा आवाज नेहमी पहिल्या रांगेपलीकडे जात नसे. आज तो शेवटच्या रांगेत बसलेल्या नातीपर्यंत पोहोचला. छातीवरच्या शुभ्र गोलावर बोट ठेवून ते म्हणाले,

"एवढं काम माझ्या नातीचं आहे. बाकीचा शर्ट माझा."