बाबूभाईच्या जीपचा धूर

"आरमोरीच्या लग्नाले मी यष्टीनं जाईन," असं आबिदा म्हणाली आणि बाबूभाईच्या घशात घास अडकला.

आता बायको एसटीनं माहेरच्या लग्नाला गेली तर आभाळ कोसळतं का, असं कोणी म्हणेल. पण बाबूभाई सावली ते आरमोरी काळी-पिवळी जीप चालवायचा. रोज सकाळी स्टँडवर उभं राहून, यष्टीत हाडं खिळखिळी होतात, असं तो जगाला छाती ठोकून सांगायचा. त्याचीच बायको नव्या कपड्यांत त्याच स्टँडवरून एसटीत चढली, तर उद्यापासून त्यानं तोंड कुठं दाखवायचं? हलवायाच्या बायकोनं शेजारच्या दुकानातून जिलबी आणावी, असलाच हा प्रकार.

आबिदाचंही चुकत नव्हतं. बाबूभाईच्या जीपचा धूर मागून निघायचा आणि फाटक्या ताडपत्रीतून पुन्हा आत शिरायचा. मागच्या ईदला ती आरमोरीला उतरली, तेव्हा सख्ख्या बहिणीनं, नाहीदनं, दारातूनच 'कोण पाहिजे?' असं विचारलं होतं. आता नाहीदच्या पोरीचा निकाह रविवारवर आला होता. आबिदानं अट घातली, धूर बंद झाला तर जीप, नाही तर एसटी.

बाबूभाईचा भाचा जिशान नागपूरला गॅरेजात होता. तो सुट्टीवर आला होता. त्यानं इंजिन उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"मामू, या पिस्टनवर कोळशाची खाण हाये," तो म्हणाला. नुसतं खरवडून भागणार नाही, महिन्याभरात पुन्हा तेवढाच कार्बन चढेल, असंही त्यानं सांगितलं. उपाय एकच होता. पिस्टनच्या डोक्यावर सेरॅमिक कोटिंग. चिनी मातीचा लेप समजा, त्याला काजळी धरत नाही.

बाबूभाईला ते लगेच पटलं. कपाला चहाचा डाग पडतो, तो एका पाण्यात निघतो. स्टँडवर मात्र बातमी पोचली आणि लटारू नावाच्या दुसऱ्या जीपवाल्यानं, इंजिनात चहा करणार की काय, असं सगळ्यांसमोर विचारलं. बाबूभाईनं तिकडं दुर्लक्ष केलं. पिस्टन फडक्यात गुंडाळून तो नागपूरला गेला. कसा गेला ते विचारू नका. एसटीनंच गेला, पण तोंडाला रुमाल बांधून.

कोटिंग झालं, इंजिन बसलं, बाबूभाईनं किल्ली फिरवली. क्लीनर लहानू म्हणाला, "भाऊ, आता सुरू करा ना." इंजिन केव्हाच सुरू झालं होतं. आबिदानं सायलेन्सरमागं आपला पांढरा रुमाल धरला. तो पांढराच राहिला. तिनं तो दोनदा उलटून पाहिला आणि रविवारी जीपनंच जाऊ, असं कबूल केलं. बाबूभाईला इतका आनंद तर स्वतःच्या निकाहलाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये माणूस बसेना. त्याचं असं होतं की रस्त्यावरच्या गावांत कोणी घड्याळ बघत नसे. झाडांच्या वर काळा धूर दिसला, की माणसं हात धुऊन, गाठोडं घेऊन सडकेवर यायची. हॉर्न जीपला नव्हताच, कारण त्या इंजिनापुढं त्याची कधी गरज पडली नव्हती. आता जीप मुकाट्यानं यायची आणि मुकाट्यानं जायची, आणि लोक घरात बसून आभाळाकडं पाहत राहायचे.

तिसऱ्या दिवशी वाटेवरच्या व्याहाडहून पाच माणसं बाबूभाईच्या दारी आली. लटारूच्या जीपनं आली होती. ओट्यावर खाली माना घालून बसली. बाबूभाईनं स्वतः पाणी आणून दिलं, तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्याच्या हातातून गिलास सुटला.

"तुमी जिते हा?"

"हाव ना. काऊन?"

"तुमचा धूर दिसून नाई राह्यला ना, भाऊ."

पाचही जणांनी चहा घेतला, पण जाताना सांत्वन आबिदाचंच करून गेले.

लहानूनं डोकं चालवलं. जीपच्या मागं तेलाचा रिकामा डबा टांगला, त्यात गोवऱ्या पेटवल्या, वरून ओला पाला टाकला. धूर उठला आणि गावोगावची माणसं सडकेवर आली. जुनी गिऱ्हाइकं पाहून बाबूभाईनं एकेकाला नावानं हाक मारली. पण दिवस उन्हाळ्याचे, जंगलात वणवा लागायचे. एका वनरक्षकानं झाडांवरून धूर सरकताना पाहिला आणि तो वणवाच समजला. ही आग सडकेच्या वळणावर वळते कशी, हेच त्याला कळेना. सायकल हाणत तो मागं आला, डबा विझवला आणि पुन्हा धूर दिसला तर जीपच जप्त करीन, असा दम दिला.

रविवार उजाडला. आबिदा नव्या शराऱ्यात पुढच्या सीटवर बसली. बाबूभाईनं स्टँडला मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. मग जीप निघाली, मागं सगळी रिकामी. पहिल्याच गावापाशी रोजची गिऱ्हाईक कांताबाई मोहाच्या झाडाखाली टोपलं घेऊन बसली होती. जीप तिच्या नाकासमोरून गेली तरी ती आपली आभाळाकडं पाहत होती. आबिदाला ते बघवेना. तिनं जीप थांबवायला लावली.

"कांताबाई, हेच ना बाबूभाईची जीप. बस ना."

"धूर कुठी हाये मंग?"

"मी त्याहीची बायको हाव, बाई. माह्यावर तरी भरोसा ठेव."

कांताबाई बसली. मग आबिदाला चेवच आला. प्रत्येक गावाशी ती बाहेर वाकून हाका मारू लागली. माणसं हातातलं काम टाकून धावली. गडचिरोली यायच्या आत जीपमध्ये टोपली, कोंबड्या, पाहुणे, एक नवरदेवसुद्धा. शेवटी एक पोटुशी बाई चढली आणि आबिदानं उठून आपली जागा तिला दिली. बाबूभाई स्वतः अर्धा बाहेर लोंबत होता. तेवढ्यात मागून जलद एसटी आली, आणि आबिदानं हात केला.

"कैफची अम्मी, यष्टीत नोको बसू," बाबूभाई काकुळतीनं बायकोला म्हणाला.

"आता नाई बसलो त पुढच्या गावाइले सांगन कोण? तुमी या आरामानं. मी खिडकीतून सांगत जातो, का बाबूभाई येऊन राह्यले."

एसटी गेली. बाबूभाईला हसावं की रडावं कळेना. इतकी भरलेली जीप त्यानं जन्मात चालवली नव्हती, आणि बायको एसटीत होती.

आरमोरीला आबिदा उतरली, दुपट्टा दुधासारखा पांढरा. नाहीद धावत आली. "भाऊजी कुठी हायेत? भांडून आली का तू?"

"मागून येऊन राह्यले. आभाळात पाह्य, धूर दिसते का?"

"नाई."

"मंग पोचलेच समज."

नाहीदनं पुन्हा एकदा वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. तिनं आत जाऊन दस्तरखानावर बाबूभाईचं ताट वाढायला सांगितलं.