दुसऱ्याच्या कोपीत येळवस

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, आली होती. त्या दिवशी लातुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. सगळं शहर शेतात, काळ्या आईच्या पूजेला नि जेवायला! मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. लग्न होऊन औशाकडं आल्यापासून एकही येळवस चुकवलेली नाही. मग येळवस शिकावी कोणाकडून? माझ्याकडूनच!

शिकणारी होती आयगुल. कझाकस्तानातून नांदेडच्या विद्यापीठात वर्षभरासाठी आलेली, माझ्या नातीची, तनुजाची मैत्रीण. तिला निबंधासाठी एका घरची येळवस पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची होती, त्या घरची नातीगोती लिहायची होती. चार दिवसांनी तिचं विमान. ही येळवस हुकली की निबंध गेला आणि वर्षही गेलं!

पुतण्या भागवत फोनवर म्हणाला, "काकू, गाडी पाठवतो."

"कशाला? डोळे झाकून पोचेन मी आपल्या शेतात!"

तिथंच माशी शिंकली. रस्ता रुंद झालेला, वळणावरची बाभूळ गेलेली, आणि पूजेसाठी उभ्या केलेल्या कडब्याच्या कोपी तर सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या! आयगुलला घेऊन मी रुबाबात एका कोपीकडं वळले. दहा-पंधरा माणसं होती, ओळखीचं तोंड एकही नाही. म्हटलं, भागवतच्या सासरची असतील!

"या, या, बसा!" एक बाई लगबगीनं पाणी घेऊन आली.

"बसते काय! पांडवांचे पाच दगड असे मांडतात का? आणि या मिसळभाज्यांच्या भज्जीत चिंचेचा पाला कुठाय गं?"

"चुकलं, आत्याबाई," बाई खाली मान घालून म्हणाली. मला सून आवडली!

मग काय, पाची पांडवांना मीच हळदकुंकू वाहिलं. पिकावर आंबील कशी शिंपडायची ते पुरुषांना दाखवलं. आयगुल भराभर लिहीत होती.

"आजी, हे काका कोण?"

"हा माझ्या धाकट्या दिराचा साडू असणार. लिही."

"असणार की आहे?"

"अगं, लिही!"

बाजरीचा दुसरा उंडा तोंडात होता तेवढ्यात फोन वाजला. भागवत!

"काकू, कुठं हाव? काय करायलाव? चाळीस माणसं तुमच्यासाठी उपाशी बसली! शेवटी आमच्या हिनं, महानंदानं पूजा उरकली!"

"अरे, मी शेतातच आहे. इथली पूजा मी केली!"

"कोणाच्या शेतात?"

मी मान वर केली. पलीकडच्या बांधावर एकजण कानाला फोन लावून उपरणं हलवत होता.

यजमान शेषेराव हळूच बायकोला म्हणाले, "तारामती, ह्या तुझ्याकडच्या न्हाईत व्हय?"

"मला वाटलं तुमच्याकडच्या! म्हणून तर गुमान ऐकून घेतलं!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. परक्यांच्या देवाला हात लावलेला, परक्या सुनेला झाडलेलं! आयगुलनं वही मिटली. "आजी, म्हणजे हे सगळं खोटं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शेतातली पूजाही होऊन गेली होती.

तारामती पदराला हात पुसत आयगुलशेजारी बसली. "खोटं कशाचं? देव आमचे, पूजा आमची. नाती तेवढी चुकली, ती मी सांगते. लिही पोरी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या भज्जीला नाव ठेवणारं कोणी राहिलंच नव्हतं, आत्याबाई."

मी गुपचूप तिच्या ताटात उंडा वाढला.

आयगुलचा निबंध पास झाला. आता ती तिकडं कॉलेजात शिकवते. नात्यांच्या तक्त्यात शेषेरावांच्या घराशी तिनं मला तुटक रेघेनं जोडलंय. तनुजा हैदराबादेत नोकरी करते. शेषेराव बांधावरून हाक मारून तब्येत विचारतात. तारामती दर नागपंचमीला माझ्याकडं माहेरपणाला येते आणि चार दिवस कामाला हात लावत नाही.

आणि भागवत? त्यानं घरात ठराव केलाय, काकूंसाठी थांबायचं नाही. गेल्या येळवशीला मी चांगली बाराच्या आत पोचले, तर सगळे जेवून कोपीत घोरत होते!