चटणीवरचा आळ

एकोणीसशे सत्त्याण्णव साली सिरसाळ्यात दोन नव्या गोष्टी आल्या. बाजारात पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ आला आणि मन्मथअप्पांच्या किराणा दुकानापुढे गॅसवर चालणारी व्हॅन येऊन उभी राहिली. बूथवर माणसं फोन करायला थांबायची, व्हॅनपुढं नुसती बघायला. स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर डिकीत बसवलेला पाहून बायका म्हणायच्या, "आमच्या घरी ह्याच्यावर पिठलं व्हतंय, आन् ह्यांच्या घरी ह्याच्यावर माणसं परळीला जात्यात."

अप्पांचा गाडीवर जीव होता, पण गाडीच्या नियमांवर त्याहून जास्त. गॅस बसवून देणाऱ्या मिस्त्रीनं त्यांना बजावून सांगितलं होतं, वास आला की सगळ्यात आधी सिलिंडरचा नॉब बंद करायचा. मग किल्ली काढायची, दारं सताड उघडायची, माणसं उतरवून वारा जिकडून येतो तिकडं न्यायची आणि आसपास कुठं विस्तव राहू द्यायचा नाही. अप्पांनी हे इतकं पाठ केलं की सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की तेही एकदा पुटपुटून घ्यायचे. त्यांच्या बायकोला, शिवकांताबाईंना, वाटायचं, देवाला ह्यात कशाला गुंतवायचं? पण त्या बोलायच्या नाहीत. त्यांच्या डोक्यात तेव्हा दुसरंच काही शिजत होतं.

शिवकांताबाई आणि गावातल्या जाईबाई मिळून लसणाची चटणी करायच्या. उखळाजवळ जाईबाईंचा हात आणि तिखटमिठाला शिवकांताबाईंची जीभ. आजवर ती चटणी दुकानात पुड्या बांधून खपायची. आता मात्र परळीला पोरांचं नवं वसतिगृह निघालं होतं आणि तिथल्या मेसचे मॅनेजर विठ्ठलराव म्हणाले होते, "दुपारच्या पंगतीला वाढून बघू. पोरांना आवडली तर वर्षभर तुमचीच. पण पंगत उठायच्या आत या, लातूरचा एक जण पण त्याची चटणी घेऊन येतोय." अप्पांच्या दुकानाची पाटी अप्पांच्या नावाची, व्हॅनवर नाव अप्पांच्या वडिलांचं. चटणीवर तेवढं शिवकांताबाईंचं आणि जाईबाईंचं नाव लागणार होतं. आदल्या रात्री दोघींना झोप आली नाही.

सकाळी डबे भरले. डिकीत जागा ती केवढी! सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना डबे बसवले, उरलेले सिलिंडरवर रचले, वरून पोतं टाकून सुतळीनं करकचून बांधलं.

"हालणार न्हाई ना?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"भूकंप झाला तरी न्हाई," अप्पा म्हणाले.

गाव मागं पडलं, सटवाच्या चहाच्या हॉटेलाचं छप्पर दिसायला लागलं आणि अप्पांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग रस्त्याच्या अगदी मधोमध करकचून ब्रेक लावला.

"उतरा! गॅस! उतरा खाली!"

त्यांनी किल्ली काढली, दारं उघडली, दोघींना हाताला धरून खाली ओढलं. आणि कुणी शहाणा परत गाडी चालू करील म्हणून किल्ली अशी भिरकावली की ती शेजारच्या तुरीच्या रानात जाऊन पडली.

"आवं, किल्ली कावून फेकली?"

"नियम हाय!"

"काढायचा नियम हाय. फेकायचा कुठं हाय?"

तेवढ्यात परळीकडून एसटी आली आणि मधोमध उभ्या व्हॅनपुढं थांबली. कंडक्टर शहादेव खाली उतरला. अप्पांनी त्याला तिथंच थोपवलं. "पुढं यायचं न्हाई! बिड्या इझवा! काडीपेट्या इकडं द्या!" डोक्यावरची टोपी काढून त्यांनी काडीपेट्या गोळा करायला सुरुवात केली. माणसांनीही, कसली वर्गणी आहे ते न विचारता, त्यात काडीपेट्या टाकल्या.

मग अप्पा सटवाच्या हॉटेलाकडं वळले. सटवाचा चहा नुकताच उकळीला आला होता.

"सटवा, चूल इझव."

"तुमची गाडी बिघडली आन् मी चूल इझवू? गिऱ्हाईक दारात आलंय अप्पा, सारी एसटी उतरलीय!"

"तीच एसटी उडंल ना बे!"

सटवानं शिव्या देत चुलीवर पाण्याची घागर ओतली. चहाचं भगुलं घेऊन तो तसाच उभा राहिला.

एसटीतली माणसं अप्पांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लिंबाखाली नेली. सगळी तिथं टेकतात न टेकतात तोच वारा फिरला. "इकडं या!" अप्पा ओरडले. माणसं उठून बाभळीखाली गेली. पुन्हा वारा फिरला. लेकरं कडेवर, गाठोडी डोक्यावर, अशी ती गर्दी व्हॅनभोवती फिरायला लागली. तिसऱ्या फेरीला एका म्हाताऱ्यानं व्हॅनला हात जोडले.

शिवकांताबाईंचा जीव मात्र उन्हाकडं लागला होता. ऊन डोक्यावर येत होतं. परळीत ताटं मांडली जात असतील, लातूरवाला डबे उघडत असेल. त्या पुढं झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "गॅस न्हाई न् काय न्हाई. ह्यो आमच्या चटणीचा वास हाय!"

"गॅसचाच हाय," अप्पा म्हणाले.

"कच्च्या लसणाचा वास आन् गॅसचा वास सारखाच असतोय. दुकानात बसून बसून तुमचं नाक गेलंय."

शहादेवानं लांबूनच हुंगलं. "अप्पा, वैनी म्हणत्यात ते खरं वाटतंय. लसूणच हाय की!"

"आमच्या चटणीला गॅस म्हणत्यात!" जाईबाई खवळल्या. "अक्का, दावा ह्यांना डबा उघडून!"

अप्पा नको नको म्हणत असतानाच शिवकांताबाई डिकीशी गेल्या, वरचा एक डबा ओढून काढला आणि एसटीजवळ आणून झाकण उघडलं. काय तो वास! शहादेवानं चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "सटवा, पाव हाय का रं?"

सटवाच्या डोक्यात उजेड पडला. चूल विझली होती, पण पावाला चूल कुठं लागते? तो पाव घेऊन धावला. एसटीतल्या माणसांनी फडक्यातल्या भाकरी सोडल्या. कुणी कांदा फोडला, कुणी तेलाची बाटली काढली. "एवढीच द्या, चवीपुरती," म्हणत हात पुढं यायला लागले. मागं सिरसाळ्याकडून आलेल्या बैलगाड्या, जीप, सायकली थांबल्या होत्या. ती माणसंही पंगतीला बसली. जाईबाई एकेक डबा आणत होत्या आणि शिवकांताबाई वाढत होत्या. परळीला जायची आशा हळूहळू सुटत होती, तरी त्यांचा हात थांबेना. बिनओळखीची माणसं पहिल्यांदाच आपल्या हातचं खाऊन पुन्हा मागत होती.

"गावात कुणाकडं मिळती ही?" एका बाईनं विचारलं.

"माझ्याकडं," शिवकांताबाई म्हणाल्या. मग जाईबाईंकडं बघून त्यांनी दुरुस्त केलं, "आमच्याकडं."

अप्पांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. हातातली टोपी सटवाच्या बाकड्यावर ठेवून, हरल्या पैलवानासारखे ते तुरीच्या रानात किल्ली शोधत होते. बायकोच्या चटणीला गॅस समजून सारा रस्ता अडवला, हे आता गावभर होणार होतं.

शेवटचा डबा रिकामा झाला. वसतिगृहाची पंगत केव्हाच उठली असणार. शिवकांताबाई रिकामे डबे उचलून व्हॅनकडं गेल्या. डिकीत डबा ठेवायला वाकल्या आणि वाकल्याच राहिल्या.

चटणी संपली होती. वास संपला नव्हता.

त्यांनी कान लावला. सिलिंडरच्या तोंडाशी बारीक सूं सूं आवाज येत होता. सकाळपासून त्यावर डब्यांची उतरंड होती, वर पोतं आणि सुतळी. नॉबपर्यंत कुणाचा हात पोचणारच नव्हता. अप्पांनी किल्ली फेकली, चूल विझवली, माणसं फिरवली; पहिला नियम तेवढा डब्यांखाली राहून गेला होता. आणि वास चटणीचाच, असं एसटीभर माणसांना शिवकांताबाईंनी स्वतः पटवून दिलं होतं.

"सापडली!" अप्पा रानातून ओरडले. किल्ली उंच धरून ते धावत आले. "चला, बसा. झालं ते झालं!" आणि गाडीत बसलेसुद्धा.

"आवं थांबा! किल्ली लावू नका! गॅसच हाय!"

अप्पांनी वळून पाहिलं. "आता मला चिडवू नको गं."

शिवकांताबाई परत डिकीत वाकल्या. दोन्ही हातांनी नॉब धरून आवळला. सूं सूं थांबली. मग पुढं जाऊन त्यांनी नवऱ्याच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि कमरेला खोचली. एसटीतली माणसं हातातले घास तसेच ठेवून पुन्हा लिंबाखाली गेली. ह्या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

"म्हणजे मी खरा व्हतो?" अप्पांनी हळूच विचारलं.

"तुमी खरे व्हता. मी खोटी व्हते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य अप्पांनी पहिल्यांदाच ऐकलं. ते इतके हरखले की नॉब आपण बंद केला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात यायला घरी जावं लागलं.

पुढं काय झालं म्हणाल, तर परळीची ती वर्षभराची मागणी लातूरवाल्याकडं गेली. पण एसटीतली माणसं आपापल्या गावी उतरली, आणि आठवड्याभरात कुणी केजहून, कुणी पार कड्याहून दुकानात येऊन 'व्हॅनवाली चटणी' मागायला लागलं. शहादेव निवृत्त होईपर्यंत चालत्या एसटीतून दोघींचा माल गावोगाव पोचवत राहिला. सटवानं चटणी-पावावर पक्कं हॉटेल बांधलं. जाईबाईंनी दारात कांडपाचं यंत्र बसवलं आणि त्यावर लेकीला, राजश्रीला, शिक्षिका केलं. अप्पांनी व्हॅनचा गॅस काढून टाकला. शाळाशाळांतून त्यांना सुरक्षेवर बोलायला बोलावणी यायची. पहिला नियम सांगताना ते जरा खाकरायचे. विठ्ठलराव दोन वर्षांनी स्वतः आले आणि जाईबाईंनी त्यांना माल दिला, पण गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं करून.

शिवकांताबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांची नात स्वप्नाली पुण्यात हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांचं काम करते. अशा गाडीला अपघात झाला तर काय करायचं, ते ती अग्निशमन दलाच्या माणसांना शिकवते. मागच्या सुट्टीत ती सांगत होती, "आजी, ह्या गॅसला वास नसतो. पेटला तर दिवसा जाळसुद्धा दिसत नाही."

"मग कळतंय कसं गं?"

"यंत्र असतं ना गाडीत. गळती झाली की लगेच ओरडून सांगतं."

आजी म्हणाल्या, "यंत्र सांगंल गं. पण गाडीत बसलेला माणूस त्याचं ऐकंल का?"

स्वप्नाली हसायला लागली. मग हसू आवरून म्हणाली, "त्याची चाचणी अजून बाकी आहे."