कन्येचे कर्मचारी

रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की बाबांचा हात आपोआप बटणाकडे जात असे. वीज कंपनीत मीटर तपासण्यात उभा जन्म गेला होता. माणूस निवृत्त झाला म्हणून हात थोडाच निवृत्त होतो? त्या दुपारी अडगळीच्या खोलीत भगभगीत दिवा चालू होता. "घरात काय वीज पिकते?" असं पुटपुटत त्यांनी तो बंद केला आणि दार लोटून घेतलं.

त्या खोलीत लेकीचे खोके होते. पंख्याखालची चांगली नोकरी सोडून तिनं घरोघरचा ओला कचरा गोळा करून गांडूळखत करायचा धंदा मांडला होता. सकाळीच नवी गांडुळं आली होती. नव्या जागेत ती बिथरतात आणि बाहेर पडू बघतात, पण उजेड असला की मातीतच दडून बसतात. म्हणून "दिवा बंद करू नका" असं आईला बजावून ती बाजारात भाजीचा पाला आणायला गेली होती. आईनं ते ऐकलं होतं, बाबांच्या कानावर घालायचं तेवढं राहून गेलं.

थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. बाबांनी त्यांना मागे सांगितलं होतं, "मुलगी मॅनेजमेंटमध्ये आहे." मॅनेजमेंट कशाचं, ते सांगायची बाबांना लाज वाटली होती.

"आमच्या दहावीच्या मुलांशी बोलायला कुणीतरी तडफदार हवंय," हेडमास्तर चहाचा कप उचलत म्हणाले. "तुमच्या कन्येच्या हाताखाली माणसं किती?"

"तशी बरीच आहेत," बाबा चाचरत म्हणाले.

आणि हाताखालची मंडळी दाराखालच्या फटीतून बाहेर पडू लागली.

हेडमास्तरांनी आधी चष्मा काढून पुसला. मग हळूच विचारलं, "तुमच्या गालिच्यावरची नक्षी हलतेय का हो?"

आई स्वयंपाकघरातून आली आणि ओरडलीच, "अहो! दिवा कुणी बंद केला?"

इमारतीचा जिना फवारायला आलेला औषधवाला ती आरोळी ऐकून पाठीवरच्या पंपासकट आत घुसला. "सरका काका! सगळं सफाचट करतो!"

त्यानं नळी रोखली मात्र, बाबा दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले. "खबरदार! एक थेंब जरी उडवलास तर! माझ्या मुलीची माणसं आहेत ही!"

औषधवाल्यानं नळी खाली केली.

"ही... तीच का बरीच माणसं?" हेडमास्तरांनी पाय वर घेत विचारलं.

"हो, हीच," बाबा म्हणाले. आवाज आधी कापला, मग खणखणीत झाला. "कचऱ्याच्या मॅनेजमेंटमध्ये आहे ती. अख्ख्या गल्लीनं फेकलेलं उचलते आणि त्याचं सोनं करते. लोक मातीमोल म्हणतात. माझ्या पोरीनं मातीलाच मोल आणलंय!"

पाल्याचं पोतं घेऊन लेक दारात कधीची उभी होती. तिचे डोळे भरून आले, पण कामाची माणसं रस्त्यावर आलेली. "बाबा, चिमटीत नको धरू, ओल्या कागदावर घे!" म्हणत ती खाली बसली. मग बाबा बसले, आई बसली, हेडमास्तरही गुडघे टेकून बसले. औषधवाल्यानं पंप दाराबाहेर ठेवला आणि सोफ्याखाली डोकं घातलं. "ताई, इथं तिघंजण संपावर बसलेत बघा!"

पुढच्या आठवड्यात शाळेचं सभागृह भरलं होतं. लेक तासभर बोलली. मुलांनी नाकं दाबून सुरुवात केली आणि शेवटी तिनं आणलेल्या गांडुळांच्या खोक्याभोवती ही झुंबड उडाली. कचऱ्यातून काय काय धंदे निघतील यावर मुलांचे वाद चालले. मागच्या बाकावरची एक मुलगी धीर करून उभी राहिली. "ताई, मलाही हेच करायचंय. पण नोकरी सोडली तेव्हा तुमचे बाबा रागावले नाहीत?"

लेकीच्या आधी पहिल्या रांगेतले बाबाच उठले.

"रागावलो होतो की!" ते छाती काढून म्हणाले. "आता तिच्याकडेच शिकाऊ म्हणून लागलोय. काम बरं आहे म्हणते, पण कायम करायचं अजून मनावर घेत नाही!"